समुद्रकाठचं जुनं शहर पाहुण्यांना दाखवायचं, तर आधी भरती-ओहोटी बघा

मित्रमंडळी शनिवारी येणार, रविवारी संध्याकाळी परतणार आणि मधल्या वेळात त्यांना समुद्रकाठचं एखादं जुनं शहर दाखवायचं, असा बेत ठरला की बहुतेक जण ठिकाणांची यादी करायला बसतात. यादी नंतर करा. आधी त्या दोन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कागदावर लिहून घ्या. पाण्यातला किल्ला, पुळण, बंदर, तटबंदी यांतलं काय कधी बघता येईल हे त्या वेळाच ठरवतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून आखलेला बेत जागेवर पोहोचल्यावर मोडतो, आणि तेव्हा पाहुणे ताटकळत उभे असतात.

पाण्याचं गणित

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे आजची सकाळची ओहोटी उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा येणार. शनिवारी ९ वाजता पाणी पूर्ण ओसरलेलं असेल तर रविवारी त्यासाठी १० च्या जरा आधीची वेळ धरायची.

पाहुणे येण्याआधी स्वतः जाऊन पाहणी करणं उत्तमच. पण ती बरोबर एक आठवडा आधी केलीत तर पाण्याबाबत उलटी माहिती घेऊन याल. रोज ५० मिनिटं म्हणजे सात दिवसांत ३५० मिनिटं, जवळपास ६ तास. गेल्या शनिवारी सकाळी १० ला जिथे कोरडी वाळू होती तिथे या शनिवारी त्याच वेळी भरतीचं पाणी असतं. पाण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर पाहणी दोन आठवडे आधी करा. तेव्हा चंद्राची कला साधारण तशीच असते आणि वेळाही बऱ्याच जुळतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, खरं तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार हटतही नाही. भांगाच्या दिवसांत काही वाटा ओहोटीलाही पुरत्या उघड्या पडत नाहीत, त्यामुळे वेळापत्रकात फक्त वेळ बघून चालत नाही. शेजारी मीटरमध्ये दिलेली उंचीही बघा, आणि किती उंचीच्या खाली पाणी गेलं की वाट मोकळी होते ते तिथल्या कोळ्यांना किंवा बंदरावरच्या माणसांना विचारून घ्या.

कोकण किनाऱ्यावर तिथीवरून वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. त्यात सुमारे सहा तास मिळवले की ओहोटी. या हिशेबात अर्ध्या-एक तासाची चूक सहज निघते, म्हणून तो बेत आखण्यापुरता वापरा आणि पाण्यात पाय टाकण्याआधी छापील वेळापत्रक बघा. दुसऱ्या किनाऱ्यावर ही रीत जशीच्या तशी चालत नाही, कारण अमावास्येची भरती प्रत्येक बंदरात वेगळ्या वेळी येते. तत्त्व मात्र सगळीकडे तेच: एखाद्या गावातली उधाणाची ओहोटी वर्षभर घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला येते. कोकणात ती सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या आसपास असते. तुम्ही ज्या गावी पाहुण्यांना नेता तिथली ही वेळ एकदा शोधून ठेवलीत की कॅलेंडरवरचा चंद्र बघून कोणता शनिवार-रविवार सोयीचा हे घरबसल्या सांगता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. भरतीचे सहा तास धरले तर एकूण चढाचा पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असं पाणी भरतं. ओहोटी आणि भरतीत ३.६ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी ३० सेंटीमीटर चढतं, दुसऱ्यात ६० आणि तिसऱ्यात ९०. पहिल्या तासातलं पाणी बघून माणसं म्हणतात, अजून वेळ आहे, आणि पुढच्या दोन तासांत दीड मीटर पाणी चढतं. शिवाय किनाऱ्यालगत बऱ्याचदा खोलगट चर असतो आणि वाळूचा उंचवटा त्याच्या पुढे असतो. उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखाली कोरडं असतं, तेव्हा पाठीमागचा चर भरायला लागलेला असतो.

म्हणून चालत जायच्या जागेसाठी नियम असा ठेवा: पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघायचं आणि ओहोटीनंतर एक तासाच्या आत सगळ्यांनी परत किनाऱ्यावर यायचं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला हे लागू आहे, तसंच फ्रान्समधल्या सां-मालोजवळच्या ग्राँ-बे बेटालाही. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोन वेळा पाण्याखाली जातो. तिथे सुरक्षित वेळा फलकावर लिहिलेल्या असतात, तरी गाड्या अडकतात, म्हणून रस्त्यावर खांबांवर निवाऱ्याची खोली बांधून ठेवली आहे. फ्रान्समधल्या माँ-सँ-मिशेल बेटाला २०१४ पासून पूल आहे, पण भोवतालच्या वाळूवर वाटाड्याशिवाय उतरू नये. तिथे पाय रुतणारी वाळू आहे आणि मोठ्या उधाणात पाण्याच्या पातळीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो.

काही वेळापत्रकं त्या देशाच्या प्रमाणवेळेत छापलेली असतात. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात तिथे तो तास मिळवायचा राहिला तर सगळा हिशेब तासाने चुकतो. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर मात्र भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक अर्ध्या मीटरहूनही कमी असतो, त्यामुळे क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जाताना भरतीची काळजी नको. व्हेनिसला शरद-हिवाळ्यात वारा पाणी खाजणात ढकलतो आणि सखल चौक भरू शकतात, तेव्हा तिथे अंदाज बघावाच लागतो.

पाहुण्यांना आधी काय विचारायचं

“तुम्हाला काय बघायला आवडेल?” हा प्रश्न फारसा उपयोगी नाही, उत्तर “काहीही चालेल” असंच येतं. त्याऐवजी नेमकं विचारा. सलग किती पायऱ्या चढता येतात? कुणाला बोट लागते का? पोहता कुणाला येत नाही? औषधाच्या किंवा जेवणाच्या ठरावीक वेळा आहेत का? अलीकडे असाच एखादा किल्ला किंवा चर्च बघितलंय का? शेवटच्या प्रश्नाने अर्धा दिवस वाचू शकतो. गेल्याच महिन्यात दोन किल्ले बघून आलेल्यांना तिसरा किल्ला पूर्ण फिरवण्यात अर्थ नसतो, त्यांना बाजाराची गल्ली आणि गोदी दाखवा.

एक जण जरी गुडघ्याने अधू असेल तरी सगळ्यांचा बेत आखडता घ्यायची गरज नाही. दोन वेगांचा बेत करा. चढणारे बुरुजावर जातील, बाकीचे खाली सावलीत बसतील, पण ती बसायची जागा आधी पाहून ठेवलेली हवी: सावली, टेकायला काहीतरी, शंभर-दीडशे पावलांत स्वच्छतागृह. परत भेटायची जागा आणि वेळ दोन्ही ठरवा. “इथेच कुठेतरी” असं सांगितलं की जाड तटांच्या आड फोन लागत नाहीत आणि अर्धा तास शोधाशोधीत जातो. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर दर दीड तासाला स्वच्छतागृहाची सोय येईल असाच मार्ग आखा.

दोन दिवसांची मांडणी

शनिवारी दुपारी प्रवास करून आलेल्या माणसांना लगेच मुख्य ठिकाणी नेऊ नका. त्या दिवशी उन्हं कलल्यावर तटावरून किंवा धक्क्यावरून तास-दीड तासाची फेरी पुरे. या फेरीचं काम एकच: शहराचा आकार त्यांच्या डोक्यात बसला पाहिजे. समुद्र कुठल्या बाजूला, जमिनीची वेस कुठे, बाजार कुठे, उद्या कुठून आत शिरणार. सूर्यास्त दाखवायचा असेल तर ४० मिनिटं आधी जागेवर पोहोचा. उष्ण कटिबंधात सूर्य मावळल्यावर पंचवीसेक मिनिटांत बऱ्यापैकी काळोख होतो, तेव्हा दगडी पायऱ्या उजेडातच उतरून घ्या. उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात संधिप्रकाश तासभर आणि जास्तही टिकतो, तिथे घाई नाही.

रविवारी सकाळी लवकर निघणं हाच या सगळ्यातला सर्वात मोठा फायदा आहे. साडेसहा ते नऊ या वेळात जुन्या गल्ल्या रिकाम्या असतात. ऊन तिरपं असल्यामुळे कोरीव दगड उठून दिसतो. डोक्यावरच्या उन्हात तीच नक्षी सपाट वाटते. पूर्वेकडे तोंड असलेल्या इमारती सकाळी आणि पश्चिमेकडच्या दुपारनंतर बघा. अकरानंतर बाहेरगावच्या गाड्या येतात आणि चारपर्यंत गर्दी हटत नाही. त्या वेळात संग्रहालय, जेवण, सावलीतली बैठक. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आणि प्रार्थनास्थळांच्या पूजा-प्रार्थनेच्या वेळा आधीच विचारून ठेवा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना दहा जणांचा घोळका घेऊन शिरणं बरं दिसत नाही.

ओहोटी सकाळी ८ ते १० च्या दरम्यान असेल तर क्रम उलटा: आधी पाण्यातला किल्ला, आणि पाहुणे तोवर थांबणार असतील तर गल्ल्या दुपारी चारनंतर. ओहोटी ऐन दुपारी असेल तर खुल्या वाळूवरून भर उन्हात चालावं लागेल. मग डोक्यावर टोपी आणि माणशी किमान एक लिटर पाणी जवळ असल्याशिवाय निघू नका. दिवसभराचा हिशेब माणशी दोन ते अडीच लिटरचा धरा.

अंतराचा अंदाज हमखास चुकतो. मोकळ्या रस्त्यावर माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. दगडी फरशीच्या चढउतारावर सहा-सात जणांचा घोळका दोन किलोमीटरच्या पुढे जात नाही. एका ठिकाणाला दहा मिनिटं धरलीत तर प्रत्यक्षात पंचवीस लागतात. पूर्ण दिवसात सहा-सात किलोमीटर चालणं आणि तीन मुख्य ठिकाणं, याहून जास्त ठेवू नका. दुब्रोव्हनिकची तटबंदी १,९४० मीटर लांब, म्हणजे नकाशावर किरकोळ. पण वर सावली जवळजवळ नाही, पायऱ्या सतत चढायच्या-उतरायच्या आणि फिरायची दिशा एकच, त्यामुळे दीड-दोन तास लागतात. ती दरवाजे उघडल्या उघडल्या चढावी.

गाडी वेशीबाहेर एकदाच लावा आणि संध्याकाळपर्यंत हलवू नका. जुन्या शहरात गाडीने ठिकाणं जोडायला गेलात तर निम्मा वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात जातो.

काय दाखवायचं आणि किती बोलायचं

सनावळ्या पाठ करून ऐकवल्या तर पाहुणे दहा मिनिटांत इकडेतिकडे बघायला लागतात. बंदराच्या शहरात तीन प्रश्न धरून चाला: प्यायचं पाणी कुठून येत होतं, पैसा कशातून येत होता आणि भीती कुणाची होती. पाण्याच्या प्रश्नाने विहिरी, टाकी, पन्हळी सापडतात. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या किल्ल्यात गोड्या पाण्याचं टाकं का टिकतं, हे पाहुण्यांनाच विचारा. पैशाच्या प्रश्नावरून वखारी, जकातीची चौकी, व्यापाऱ्यांची घरं एका रांगेत उलगडतात. भीतीचा प्रश्न तटावर उभं राहून विचारायचा. तोफांची तोंडं कुणीकडे आहेत, जंग्यांतून, म्हणजे तटातल्या माऱ्याच्या भोकांतून, नेमकं काय दिसतं, समुद्राकडचा तट जाड की जमिनीकडचा? फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, उभ्या असलेल्या माणसाला जंगीतून डोळा लावून खालची वाट बघायला सांगा. हल्लेखोर कुठून येईल अशी त्या बांधणाऱ्याची अटकळ होती ते तिथे एका क्षणात कळतं.

मग एक वस्तू निवडा आणि तिच्यापाशी सावकाश थांबा. श्रीलंकेतल्या गाल किल्ल्याचा जुना दरवाजा यासाठी फार चांगला आहे. बाहेरून येताना कमानीवर ब्रिटिश राजचिन्ह दिसतं. पाहुण्यांना आत नेऊन मागे वळायला सांगा: आतल्या बाजूला डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा आहे, कोंबड्याचं चिन्ह आहे आणि १६६९ हे साल कोरलेलं आहे. एकाच कमानीखालून जाताना दोन सत्ता ओलांडून होतात, वर फारसं बोलावंही लागत नाही. त्याच गावात डचांनी जमिनीखालून गटारं काढली, ती भरतीच्या पाण्याने धुतली जात. सकाळी भरतीचं वेळापत्रक हातात धरलेल्या पाहुण्याला ही गोष्ट लगेच पटते. कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं आणि पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या थडग्याच्या दगडापाशी एवढं एक वाक्य पुरतं. माल्टाची राजधानी व्हॅलेटा, तिचे रस्ते सरळ आणि काटकोनात का, याचं उत्तर १५६५ च्या तुर्की वेढ्यात आहे: वेढा उठल्यावर १५६६ मध्ये तिथे राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी नव्या शहराचा पाया घातला आणि ते कागदावर आखून बांधलं. तिथल्या चौकात उभं राहून चारही दिशांना बघा, कुठे ना कुठे रस्त्याच्या टोकाला पाणी दिसतं.

आपल्याला नक्की ठाऊक नसलेली दंतकथा इतिहास म्हणून सांगू नये. “अशी गोष्ट सांगतात” असं म्हणून सांगितली तर ती तितकीच रंगते. सगळ्या वेळ तुम्हीच बोलायचं असंही नाही. दर तासाला दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांना मोकळं सोडा.

खडप, होडी, पुळण

पादत्राणं निघायच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा: रबरी तळव्याची, टाचेला पट्टा असलेली. चामडी तळवा ओल्या दगडावर घसरतो आणि साध्या चपला चिखलात अडकून राहतात. खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, हिरवं शेवाळ सगळ्यांना दिसतं, पण काळपट चकाकणारा थरही तितकाच निसरडा असतो. पांढऱ्या कवचांचा खरखरीत भाग पायाला पकड देतो, मात्र तिथे हात टेकला तर कापतो. चिकटपट्ट्या आणि स्वच्छ पाण्याची एक वेगळी बाटली जवळ ठेवा.

होडीची फेरी सकाळीच करा. दिवस वर येतो तशी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरचा वारा आत येऊ लागतो. दुपारी दोन ते चारच्या सुमाराला तो जोरात असतो, लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि अंगावर पाणी उडतं. बोट लागणाऱ्याला मध्यापासून जरा मागे, खालच्या बाजूला बसवा आणि क्षितिजाकडे बघायला सांगा. फोनमध्ये डोकं घातलं की त्रास वाढतो. गोळी घ्यायची असेल तर चढण्याच्या अर्धा ते एक तास आधी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही, आणि काही गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने ती टाळावी. जीवरक्षक जाकीट नुसतं गळ्यात अडकवून चालत नाही. सगळे पट्टे लावून झाल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. उतरण्याआधी परतीच्या शेवटच्या होडीची वेळ नावाड्याकडून विचारून घ्या आणि तिच्या आधीची होडी आपली धरा. पावसाळ्यात अनेक ठिकाणी होड्या बंदच असतात.

पुळणीवर पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघत उभे राहा. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा काळसर, शांत दिसतोय, तर तिथून पाणी समुद्राकडे ओढलं जात असतं. नवख्या माणसाला तीच जागा पोहायला बरी वाटते. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही. पाण्यावर तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडायचं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखाली असते. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, पाहुणे कितीही पट्टीचे पोहणारे असले तरी. दीपगृह, नौदलाचा तळ किंवा व्यापारी बंदर जवळ असेल तर ड्रोन घरीच ठेवा, आणि फोटोबंदीचा फलक दिसला तर कॅमेरा पिशवीत.

परतीचा हिशेब

रविवारची दुपार निघायच्या वेळेपासून उलटी मोजा. पाहुण्यांना ५ ला गाडी धरायची असेल तर ४ ला सामानासह निघणं, ३ ला आंघोळ आणि ओले कपडे बदलणं, त्याआधी तासभर जेवण. म्हणजे बघणं दीड-पावणेदोनलाच संपतं. जेवणानंतर वेळेशी बांधलेलं कुठलंही ठिकाण ठेवू नका. यादीतलं कोणतं ठिकाण गाळायचं हे शनिवारी रात्रीच मनाशी ठरवून ठेवा आणि त्याचं नाव पाहुण्यांपुढे काढू नका. वेळ उरला तर ते दाखवता येईल. नाही उरला, तर पुढच्या खेपेसाठी त्या ठिकाणाच्या ओहोटीची वेळ तुमच्याकडे लिहिलेली आहेच.